झुकिनी बोटभर होते आणि गळते: कोथरूडच्या एका गच्चीवरची केस

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंच्या गच्चीवरची ही केस आहे. काकू बागेत मुरलेल्या आहेत, टोमॅटो-मिरची-पालक तर सोडाच पण गच्चीत दुधीचा वेल चढवून अख्ख्या विंगला दुधी वाटणाऱ्या, त्यामुळे "पाणी जास्त घातलं असेल", "ऊन कमी असेल" असली उत्तरं त्यांना देऊन भागत नाही. म्हणूनच सगळं सविस्तर लिहितोय, कारण अनुभवी माणूसच यात जास्त फसतो.

आदल्या वर्षी त्यांनी हौस म्हणून झुकिनीची दोन रोपं लावली होती आणि ती मस्त आली होती. मग हुरूप आला आणि यंदा दिवाळी झाल्यावर मोठ्या ग्रो बॅगमध्ये थेट बिया टोकल्या, हिरव्या झुकिनीचं हायब्रीड बियाणं, माती, शेणखत, कोकोपीट असं नेहमीचंच मिश्रण. झुकिनी वेलासारखी पळत नाही, झुडूप होऊन बसते, पण पसरते चांगली तीन फूट, म्हणून एका बॅगेत एकच रोप ठेवायचं हेही त्यांना माहीत. रोपं जोमात, पानं हाताच्या पंजाच्या दुप्पट, डिसेंबर संपता संपता फुलं सुरू. आणि मग गाडं अडलं. फुलाच्या मागे छोटीशी झुकिनी दिसायची, बोटाएवढी व्हायची, टोकाकडून पिवळी पडायची, मऊ व्हायची आणि गळायची. एक नाही, दोन नाही, सगळीच.

"अरे जरा येऊन बघ ना, एवढुसं होतं आणि सडतं, मला तर वाटतं बियाणंच खराब दिलंय त्या मेल्याने," काकूंचा फोन.

मी जाईपर्यंत काय काय उपाय झाले होते ते आधी सांगतो, कारण बहुतेक घरी हाच क्रम असतो. पहिला सल्ला मिळाला कॅल्शियमचा, टोक सडतंय म्हणजे कॅल्शियम कमी, अंड्याची टरफलं घाला. काकूंच्या घरात अंडं येत नाही, म्हणून खालच्या मजल्यावरच्यांकडून टरफलं मागवून, धुवून, वाळवून, मिक्सरला लावून घातली (मिक्सरचं भांडं वेगळं, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं). मग एका नर्सरीवाल्याने टॉनिक दिलं आणि वर फळमाशीचा सापळा दिला. मग कुणीतरी बुरशी म्हणालं, त्याची फवारणी झाली. गळ काही थांबली नाही.

आता यातला एकेक तपासू.

टोक सडण्याचा कॅल्शियमवाला प्रकार खरा आहे, पण तो बहुतेक वाढत्या फळावर दिसतो, फळ चांगलं वीतभर झालेलं असतं आणि त्याच्या बुडाला तपकिरी, चामड्यासारखा, आत दबलेला डाग पडतो. त्यातही मातीत कॅल्शियम नसतो असं क्वचित, बहुतेक वेळा पाणी कधी भरपूर कधी कोरडं असं झाल्यामुळे तो फळापर्यंत पोचत नाही. काकूंकडे फळ वाढतच नव्हतं, फुल मिटलं त्या साइजला अडकून सुरकुतत होतं. शिवाय टरफलं मातीत विरघळायला फार वेळ घेतात, आज घातली आणि आठवड्यात उपयोग झाला असं होत नाही.

फळमाशी असेल तर फळावर टाचणीने टोचल्यासारखा डाग दिसतो, त्यातून डिंकासारखं काहीतरी पाझरतं, फळ वाकडं होतं आणि कापलं की आत अळ्या. गळलेल्या सातआठ बाळझुकिन्या मी ताटलीत घेऊन उभ्या चिरल्या. एकातही अळी नाही, टोचल्याची खूण नाही. आतल्या बिया मात्र सगळ्या चपट्या, कागदासारख्या, काही भरलंच नाही. हा पुरावा लक्षात ठेवा. आणि सापळ्याबद्दल एक सांगतो, नर्सरीवाल्याने दिलेली गोळी आंब्याच्या फळमाशीची होती, मिथाइल युजेनॉलवाली. काकडीवर्गाच्या फळमाशीला ती ओढत नाही, तिला क्यू ल्यूर नावाचं वेगळं आमिष लागतं. म्हणजे फळमाशी असती तरी तो डबा नुसता शोभेचाच होता. सापळा घेताना दुकानात हे विचारून घ्या, विकणाऱ्याला माहीत असतंच असं नाही.

बुरशी होती, खरंच होती, टोकावर राखाडी मऊ लव आलेली. पण ती नंतर आलेली पाहुणी. फळ सेट झालं नाही, म्हणजे धरलंच नाही, की वाळलेलं फूल टोकाला तसंच ओलं लोंबत राहतं, त्यावर बुरशी धरते आणि तिथून ती मरत्या फळात उतरते. औषध मारून बुरशी गेली तरी फळ वाढणार नव्हतंच.

मग राहिलं काय? सेटिंग. म्हणजे परागीकरण, नरफुलातला पराग मधमाशांनी मादीफुलात पोचवणं. पण काकूंना हे पटेना आणि त्यांचा मुद्दा बिनतोड वाटणारा होता. "अरे, मधमाशा येत नाहीत म्हणतोस तर दुधी कसा लागतोय? टोमॅटो लागतायत, मिरच्या लागतायत, मग हिलाच काय धाड भरली?"

खरं सांगायचं तर सगळी केस या एका प्रश्नात आहे. टोमॅटो आणि मिरचीच्या फुलात नर-मादी दोन्ही भाग एकाच फुलात असतात, वाऱ्याने हललं, काकूंनी पाणी घालताना धक्का लागला, तरी काम होतं, माशी आली तर चांगलंच पण तिच्यावाचून अडत नाही. झुकिनीचं तसं नाही, एकाच झाडावर नरफूल वेगळं आणि मादीफूल वेगळं, आणि पराग जड, चिकट, वाऱ्याने उडत नाही. कुणीतरी उचलून नेल्याशिवाय तो जाणार नाही. दुधीही तसाच, नर वेगळा मादी वेगळी, पण दुधीचं पांढरं फूल उमलतं संध्याकाळी आणि त्यावर येतात रात्रीचे पतंग वगैरे मंडळी. दोडक्याचं फूलही संध्याकाळचंच. झुकिनीचं फूल उमलतं पहाटे आणि ऊन चढलं की मिटतं, पुन्हा उघडत नाही. म्हणजे दुधीचे पाहुणे आणि झुकिनीचे पाहुणे वेगळ्या शिफ्टचे, एकाची हजेरी बघून दुसऱ्याचं अनुमान काढता येत नाही.

आणि एक गोष्ट जी काकूंच्या डोळ्यासमोर असून दिसत नव्हती ती म्हणजे यंदाचं शेडनेट. मागच्या मे महिन्यात मुलाने हौसेने लोखंडी पाइपांचा सांगाडा करून वरून हिरवं पन्नास टक्क्यांचं शेडनेट टाकलं होतं, आणि कबुतरांनी उच्छाद मांडलेला म्हणून चारी बाजूंनी खालपर्यंत तेच नेट क्लिपा लावून बंद केलं होतं. छोटं दार, आत गेलं की लावून घ्यायचं. टोमॅटो-मिरची-झुकिनी आत. दुधीचा वेल मात्र दारातून बाहेर पडून कठड्याच्या पाइपवर चढलेला, सगळे दुधी बाहेर. आदल्या वर्षी झुकिनी उघड्यावर होती. बियाणं तेच, कंपनी तीच, हेही काकूंनीच जुनं पाकीट शोधून दाखवलं, त्यामुळे "त्या मेल्याची" सुटका झाली.

मी काकूंना म्हटलं, उद्या सकाळी साडेसहा-सातला येतो, काही फवारू नका.

सकाळी जे दिसलं ते जरा जवळून सांगतो. नरफूल लांब, बारीक देठावर उभं, आत एकच दांडा आणि त्यावर पिवळ्याधमक परागाचा जाड थर. मादीफूल खोडाला चिकटून, आखूड, मागे हिरवी बाळझुकिनी आणि आत मधोमध नारिंगी, चकचकीत, तीन जाड पाकळ्यांसारखं कुक्षीचं टोक, पराग पोचायला हवा तो इथे. रोज फुलं फुलत होती, पण नरफुलातला पराग जसाच्या तसा, त्यावर एकही ओरखडा नाही, उलट थोडा आपोआप गळून खाली पाकळ्यांवर सांडलेला. जिथे माशा येतात तिथे हा थर तासाभरात विस्कटतो, फुलाच्या भिंतीवर पिवळे पायाचे ठसे दिसतात. मादीफुलाची कुक्षी स्वच्छ. भिंग लावून बघितलं, पिवळा कण नाही. फुलाच्या तळाशी मधाचं पाणी साचलेलं, कुणी प्यायलंच नव्हतं.

आणि नेटच्या बाहेर, दारापासून दहा फुटांवर, काकूंच्या तुळशीच्या मंजिऱ्यांवर ऊन आल्यावर लहान मधमाशा नुसत्या घोंघावत होत्या. गच्चीवर माशा होत्या, भरपूर होत्या. त्यांना आत यायला वाट नव्हती. तुळस बघून काकूच गप्प झाल्या, मला काही बोलावं लागलं नाही.

(मधमाशांच्या बाबतीत सोसायट्या काय करतात यावर वेगळं लिहायला हवं. टाकीखाली पोळं दिसलं की धूर आणि फवारा, आणि मग तेच लोक गच्चीवर भाजी लागत नाही म्हणून रडणार. असो.)

आता एवढ्यावर निदान पक्कं म्हणता येत नाही, कारण शेडनेटने ऊनही अर्धं केलं होतं आणि झुकिनीला दिवसाला सहा तास तरी स्वच्छ ऊन लागतं. थंडीत वर पन्नास टक्के नेट म्हणजे झाड पानं करतं आणि फुलात हात आखडता घेतं. मग गळ परागाअभावी की उन्हाअभावी? हे वेगळं काढायला नेट तसंच ठेवलं आणि त्याच झाडांवर काही मादीफुलांना हाताने पराग लावला, काहींना मुद्दाम लावला नाही. लावलेल्यांच्या देठाला लाल लोकरीचा धागा. पद्धत सोपी आहे, ताजं उमललेलं नरफूल देठासकट तोडायचं, पाकळ्या सोलून काढायच्या, उरलेला दांडा मादीफुलाच्या कुक्षीवर हलकेच फिरवायचा. ब्रश लागत नाही, ब्रशला पराग जास्त चिकटून राहतो.

तीनचार दिवसांत फरक समोर आला. धागेवाल्यांचं फूल वाळून सुटं झालं, फळ गडद हिरवं आणि लांब व्हायला लागलं, बिनधाग्याची फिकी पडली आणि टोकाकडून पिवळी. तेच ऊन, तेच पाणी, तीच माती. मग कॅल्शियम, टॉनिक, बियाणं, सगळे आरोपी एकदम सुटले.

पण गोष्ट इथे सरळ संपली नाही. काकूंनी काम हातात घेतल्यावर पुढच्या काही फळांचा आकार विचित्र यायला लागला, देठाकडे जाड आणि टोकाकडे शेपटीसारखी बारीक, काही तर पुन्हा पिवळी. "आता काय झालं? आता तर मी स्वतः लावतेय." दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे काकू पराग कुक्षीच्या एकाच बाजूला टेकवत होत्या. ते तीनही भाग आत वेगवेगळ्या बियांशी जोडलेले असतात, सगळीकडे पुरेसा पराग पोचला नाही तर काही बिया भरतात, काही नाही, आणि जिथे बी नाही तिथे फळ फुगत नाही. म्हणूनच शेतातसुद्धा एका फुलावर माशी एकदा येऊन भागत नाही, पुन्हा पुन्हा यावं लागतं. दुसरी गोष्ट वेळेची. काकूंचं फिरणं, आंघोळ, देवपूजा, मग चहा, मग बाग, म्हणजे साडेनऊ-दहा. जानेवारीच्या कडक थंडीत फूल जरा उशिरापर्यंत तग धरतं म्हणून चालून गेलं, पण फेब्रुवारीत ऊन तापायला लागलं तसं फूल नऊलाच मान टाकायला लागलं, आणि परागाचा जोम तर फुलाच्याही आधी उतरतो.

तोडगा काकांनी काढला. काका साडेसहाला उठून चहाचा कप घेऊन गच्चीवर पेपर वाचतात, बागेशी त्यांचा संबंध आत्तापर्यंत "तुझ्या त्या कुंड्या" एवढाच. त्यांच्याकडे हे काम गेलं आणि त्यांनी ते असं मनावर घेतलं की कोणत्या फुलाला कधी लावलं याची डायरी सुरू झाली. काकू म्हणतात, "लग्नाला चाळीस वर्षं झाली, आत्ता कुठे यांनी झाडाला हात लावला, आणि लावला तो हा."

मध्ये एकदा नरफुलांचा तुटवडा पडला. थंड हवा आणि छोटा दिवस असला की या पिकात मादीफुलं जास्त येतात, उष्णता वाढली आणि दिवस मोठा झाला की नर वाढतात, शिवाय काही हायब्रीडमध्ये सुरुवातच मादीफुलांनी होते. त्यामुळे सुरुवातीची एकदोन फळं गेली तर लगेच घाबरू नये, पण रोपं निदान दोनतीन असावीत म्हणजे नर-मादी एका दिवशी जुळण्याची शक्यता वाढते. उद्या उमलणारं नरफूल आदल्या संध्याकाळी ओळखू येतं, कळी फुगून टोकाला पिवळसर होते, ती देठासकट कापून पाण्याच्या पेल्यात घरात ठेवली तरी सकाळी उमलते. काकूंनी विचारलं, दुधीचं नरफूल चालेल का? नाही, दुधीचा वंशच वेगळा. एका नरफुलात दोनतीन मादीफुलं आरामात होतात. पुढे नर जास्त झाले तेव्हा मधला दांडा काढून त्यांची बेसनातली भजी झाली, लाल भोपळ्याच्या फुलांची करतात तशीच, आणि माझ्या मते झुकिनीच्या भाजीपेक्षा ती भजी कितीतरी सरस.

तिकडे काकूंच्या मुलाचा एक प्रश्न होता जो बरोबर होता, "मग पॉलीहाऊसमध्ये काकडी कशी येते? तिथे तर सगळंच बंद असतं." येते, कारण पॉलीहाऊससाठी काकडीच्या अशा जाती घेतात ज्यांना परागीकरणाशिवाय फळ धरतं, बहुतेक नुसत्या मादीफुलांच्या. झुकिनीतही तसल्या जाती निघाल्या आहेत, परदेशात पार्तेनॉन आणि कॅविली ही नावं चालतात. आपल्याकडच्या जुन्या पूसा अलंकार किंवा ऑस्ट्रेलियन ग्रीन यांना मात्र माशी लागतेच. उत्तर अमेरिकेत, जिथलं हे कूळ मूळचं, तिथे या फुलांच्या खास जंगली माशा आहेत, त्यांचे नर तर मिटलेल्या फुलातच झोपून जातात. आपल्याकडे त्या नाहीत, आपलं सगळं सातेरी, फुलोरी, आग्या या मधमाशा आणि भुंगे यांच्या भरवशावर.

नेटचं काय केलं? मुलाचं म्हणणं रोज सकाळी बाजू गुंडाळून वर करायच्या, पण दोन सकाळीतच कबुतरांनी मिरचीच्या रोपांची वाट लावली. शेवटी चारी बाजूंचं शेडनेट काढून तिथे कबुतरांसाठी बाल्कनीला लावतात ती मोठ्या भोकांची नायलॉन जाळी लावली, त्यातून माशी काय भुंगासुद्धा सहज जातो, आणि वरचं हिरवं नेट थंडीत गुंडाळून ठेवायचं, मार्चच्या मध्यानंतर पसरायचं असं ठरलं. एवढ्याने ऊनही वाढलं. तुळशीची एक कुंडी झुकिनीच्या शेजारी सरकवली. काही दिवसांनी काकांच्या डायरीत न लावलेल्या फुलांचीही फळं धरायला लागली. काका थोडे हिरमुसले.

भुरीचा, म्हणजे पानांवर पांढरी पावडर धरणाऱ्या बुरशीचा, भाग थोडक्यात. फेब्रुवारीत पानांवर पांढरे चट्टे दिसले म्हणून काकू गंधक मारणार होत्या, पण त्यातली निम्मी पानं निरोगी होती. झुकिनीच्या बऱ्याच जातींच्या पानांवर शिरांच्या बेचक्यात चंदेरी नक्षी मुळातच असते. बोटाने पुसून बघायचं, पावडर बोटाला लागली तर भुरी, नाही लागली तर ती झाडाची तब्येतच तशी. सगळं पानच चंदेरी व्हायला लागलं तर पान उलटं करून पांढरी माशी बघायची. खरी भुरी खालच्या जुन्या पानांवर होती, ती पानं काढली आणि दूध फवारलं, एक भाग दूध नऊ भाग पाणी, सकाळच्या उन्हात, आठवड्यातून एकदोनदा. हा आजीचा बटवा नाही, १९९९ साली ब्राझीलच्या वाग्नेर बेट्टिओल यांनी हरितगृहातल्या झुकिनीच्या भुरीवरच गायीच्या दुधाचा प्रयोग प्रसिद्ध केला होता आणि दहा टक्के किंवा त्याहून जास्त दुधाने चांगला गुण आला होता. गंधकही चालतं, पण पारा तिशी ओलांडून वर गेला की काकडीवर्गाची पानं गंधकाने भाजतात, पुण्याच्या मार्चमध्ये तो धोका नको. आणि कुठलीही फवारणी संध्याकाळी फुलं मिटल्यावर, दुधाचा अपवाद सोडून, आणि दूधही फुलांवर नको.

एक फळ पानाखाली लपून राहिलं आणि बघता बघता हातभर झालं. झुकिनीचं हे नेहमीचंच, फुलानंतर पाचसहा दिवसांत वीतभर झाली की तोडायची, नाहीतर साल जाड, आत बियाच बिया आणि झाड नवीन फळं धरायचं थांबतं. काकूंना ते बियांसाठी ठेवायचं होतं. बियाणं हायब्रीड, म्हणजे पुढच्या पिढीत काय निघेल सांगता येत नाही, हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं. याच जातकुळीतले शोभेचे छोटे रंगीत भोपळे आसपास कुणी लावले असतील आणि माशीने तिकडचा पराग आणला असेल, तर यंदाच्या फळात फरक पडत नाही पण त्याच्या बियांपासून आलेली झुकिनी कडूजहर निघू शकते, आणि ते कडू म्हणजे कुकुरबिटासिन, शिजवून जात नाही. २०१५ साली जर्मनीत हायडेनहाइममध्ये घरच्या बागेतली कडू झुकिनी खाल्ल्यावर ७९ वर्षांचे एक गृहस्थ गेल्याची बातमी आली होती. आपल्याकडे कडू दुधीच्या रसाबद्दल आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) समितीने सावध केलंय, ते हेच द्रव्य. लाल भोपळ्याची मात्र एवढी भीती नाही, आपण लावतो तो सहसा वेगळ्या जातीचा असतो आणि झुकिनीशी त्याचा संकर सहजी होत नाही.

काकूंनी बिया तरीही वाळवून डबीत ठेवल्यात, वर चिकटपट्टीवर "चाखून बघणे" असं लिहून. चाखायचं म्हणजे कच्च्या फळाची देठाकडची चकती जिभेला लावायची आणि कडू लागली की थुंकून टाकायची, भाजीत मसाला जास्त घालून खपवायची नाही.